न घेतलेला पेला

ती पहाट अजून माझा पिच्छा सोडत नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, मोठमोठे गुन्हे विसरलो, पण शिरोली एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सांडलेलं ते दूध डोळ्यांसमोरून हलत नाही. कुणाचंही नाव न घेता सांगतो. नावं घेऊन आता कुणाचं भलं होणार नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी कोल्हापूरचा मराठी ख्रिस्ती. आजोबांपासून आमचं घर इथल्या चर्चच्या मंडळीत. खात्यात धर्मावरून मला कुणी छळलं नाही. उलट दिवाळीच्या बंदोबस्ताला 'साहेबांची दिवाळी डिसेंबरात' म्हणून माझं नाव पहिलं लागायचं, आणि नाताळात 'साहेब अनुभवी आहेत' म्हणून पुन्हा माझंच. निवृत्तीला दोन वर्षं राहिली तेव्हा विनंतीवरून जिल्ह्यात बदली मिळाली आणि शहराबाहेरच्या एका ठाण्याचा कारभार माझ्याकडे आला.

ईस्टरच्या रविवारी आमच्यात पहाटेची उपासना असते. उजाडायच्या आत सगळी मंडळी स्मशानभूमीत जमते, गाणी होतात, प्रभुभोजन होतं, मग चहा. त्या वर्षी मी दाढी करून पांढरा शर्ट घालून तयार होतो. तेवढ्यात ठाणे अंमलदाराचा फोन आला. शिरोलीच्या रस्त्यावर एका वळणावर अपघात झाला होता, दूध घालायला निघालेला माणूस जखमी होता आणि ठोकणारं वाहन पळालं होतं. मी पांढरा शर्ट काढून खाकी चढवली. बायको एकटीच रिक्षाने उपासनेला गेली.

मी पोचलो तेव्हा जखमीला कुणीतरी आधीच दवाखान्यात नेलं होतं. मोटारसायकल उसात पडली होती. दोन्ही किटल्या उलटल्या होत्या आणि दूध डांबरावरून चरीपर्यंत वाहत गेलं होतं. कुत्री ते चाटत होती. आम्ही पंच बोलावले, पंचनामा केला, मापं घेतली. काचेचा चुरा आणि आरशाच्या कव्हराचा एक चंदेरी तुकडा मिळाला. तो पाकिटात घालून लाखेने मोहोरबंद केला.

तो माणूस दुपारी गेला. तिशीतला शेतकरी, दारात दोन म्हशी, घरी आई-बाप आणि बायको. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "रक्त फार गेलं होतं. अर्धा तास आधी आला असता तर काही करता आलं असतं."

तासाभरात त्याच्या गावचे लोक त्याच किटल्या घेऊन हमरस्त्यावर बसले. दोन्ही बाजूंनी गाड्या तुंबल्या. वरून फोनवर फोन. गर्दीतला एक म्हातारा मला म्हणाला, "सायेब, आरोपी दावा, मग उठतो."

"संध्याकाळपर्यंत आणतो," मी म्हणालो.

वेळ मला कुणी विचारली नव्हती. ती मीच बोलून बसलो. पोलिसाने एकदा वेळ दिली की ती पाळण्यासाठी तो काय काय करतो, हे मी खात्यात राहून शिकलो होतो, तरी बोललो.

खबर मिळाली ती दवाखान्याच्या फाटकावरच्या सुरक्षारक्षकाकडून. एका टेम्पोवाल्याने जखमीला आणून सोडलं, नाव-गाव विचारल्यावर 'आलोच' म्हणाला आणि सटकला. पण पहारेकऱ्याने टेम्पोचा नंबर टिपला होता. मला हायसं वाटलं. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत आम्ही त्याला त्याच्या गावातून उचललं. फौंड्रीतले ओतीव सुटे भाग वाहणारा चाळिशीचा ड्रायव्हर. टेम्पोच्या हौद्यात रक्त, पुढचा बंपर चेपलेला, तोंडाला दारूचा भपकारा, आणि नावावर दारू पिऊन गाडी चालवल्याची एक जुनी केस. आणखी काय हवं?

ठाण्यात समोर बसवून विचारलं.

"मी ठोकलं न्हाय सायेब. उचललंय."

"मग पळालास का?"

"तुमच्याच भ्यानं की. नाव दिलं असतं तर बसवून घेतलं असतंसा. आता बी बसीवलंयसाच."

"आणि दारू?"

"ती दुपारी पिलो. त्यो गेला म्हणून कळलं तवा. किती बी हात धुतलं तरी रगात निघाल्यागत वाटंना, मग बसलो पीत."

हवालदार हसला. खोटं कशाला सांगू, मीही हसलो. पळालेल्या माणसांनी सांगितलेल्या गोष्टी मी आयुष्यभर ऐकल्या होत्या आणि त्यातली ही बरी जुळवलेली वाटली. त्याच्या डोक्यामागे भिंतीवर आमचा सूचनाफलक होता. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलिसांनी त्रास देऊ नये, नाव सांगण्याची सक्ती करू नये, असं त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं. त्या फलकाखालच्या बाकावर आम्ही त्याला रात्रभर बसवून ठेवलं.

दारूमुळे कलम कडक लागलं, सदोष मनुष्यवधाचं. दुपारची दारू आम्ही पहाटेची धरली, बंपरचा जुना चेप त्या दिवशीचा धरला. जामीन झाला नाही आणि कोठडी संपल्यावर तो कळंबा जेलमध्ये गेला. हवालदार बिचारा एकदा म्हणाला होता, "सायेब, टेम्पोचं दोन्ही आरसं शाबूत हाईत. ह्यो चंदेरी तुकडा कुणाचा?"

"रस्त्यावर हजार वस्तू पडलेल्या असतात," मी खेकसलो. पाकीट मुद्देमालाच्या खोलीत गेलं. गावकरी उठले, वरिष्ठांनी शाबासकी दिली. ड्रायव्हरची बायको मात्र दर सोमवारी ठाण्याच्या व्हरांड्यात येऊन बसायची. भांडायची नाही, रडायची नाही. "कवा सोडणार?" एवढं विचारायची आणि दुपारच्या एसटीने परत जायची.

आता मास्तरांबद्दल सांगायला हवं. ते निवृत्त मुख्याध्यापक, आमच्या मंडळीतले सगळ्यात मानाचे कारभारी. रविवारच्या शाळेत त्यांनी मला शिकवलं. पोलीस भरतीला चारित्र्याचा दाखला लागला तेव्हा तो त्यांच्याच सहीचा होता. बायको वारल्यावर ते शिरोलीच्या पलीकडे एकटेच राहायचे आणि दर रविवारी स्वतः गाडी चालवत शहरात उपासनेला यायचे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्यात प्रभुभोजन असतं. भाकरीचे तुकडे आणि अंगठ्याएवढ्या पेल्यांतून द्राक्षरस. कारभारी मंडळी ट्रे घेऊन बाकाबाकांवर फिरतात, आणि सगळ्यांना वाटून झालं की पुढच्या बाकावर बसतात. मग पाळक, म्हणजे आमचे पास्टर, त्यांना देतात. मनात कुणाबद्दल अढी असेल, केलेला अपराध निस्तरायचा राहिला असेल, तर माणसाने पेला घेऊ नये, ट्रे पुढे द्यावा, अशी शिकवण आहे. बोलत कुणी नाही, पण कुणी घेतला नाही हे सगळ्यांना दिसतं. मे महिन्यात मास्तरांनी ट्रे पुढे दिला. मला वाटलं, प्रकृती बरी नसेल. जूनमध्ये त्यांनी पुन्हा दिला. त्या दिवशी ते रिक्षाने आले होते.

घरी जेवताना मी बायकोला म्हणालो, "मास्तरांनी आज पण पेला नाही घेतला."

"साखर वाढली असेल."

"एवढ्याशा पेल्याने कुणाची साखर वाढते?"

ती नर्स होती, तिला हे मला शिकवायची गरज नव्हती. तिने वाढायचा डाव खाली ठेवला. "ईस्टरला पण नव्हता घेतला. त्या दिवशी उशिराच आले. भाकर-पेल्याचं सामान त्यांच्याच गाडीत होतं, म्हणून सगळी मंडळी थांबली होती. ट्रे धरलेले हात नुसते थरथरत होते. गाडी पण लांब कुठंतरी लावली होती. चहाला थांबले नाहीत."

गाडीचा रंग मला ठाऊक होता. चंदेरी. माझ्या चेहऱ्याकडे बघून तिला काय ते कळलं, आणि ती भडकली.

"तुम्ही तिथं गुडघे टेकायला जाता का माणसं हेरायला? देवाच्या मेजावर बघितलेलं ठाण्यात न्यायचं नसतं!"

ती दुपार मी घरभर येरझाऱ्या घालत काढली. एका म्हाताऱ्याचे थरथरणारे हात म्हणजे पुरावा नव्हे. शिवाय उपासनेत माणूस देवासमोर उघडा बसलेला असतो, तिथे मी त्याच्याकडे पोलिसाच्या नजरेने बघितलं तर उद्या माझ्या शेजारी बसून कोण मोकळेपणाने प्रार्थना करील? आणि नाही बघितलं तर? जे दिसलं ते दिसलं. डोळे घरी ठेवून कुणी उपासनेला जात नाही. मला स्वतःचाच राग येत होता, आणि खरं सांगायचं तर मास्तरांचा जास्त.

संध्याकाळी भांडी आवरता आवरता बायकोने विचारलं, "ती टेम्पोवाल्याची बायको अजून येते का ठाण्यात?"

"येते. दर सोमवारी."

"उद्या सोमवार आहे," ती म्हणाली आणि नळ सोडला.

सोमवारी मुद्देमालाच्या खोलीतून ते पाकीट काढलं, रीतसर नोंद केली आणि हवालदाराला घेऊन उद्यमनगरात गेलो. तो चंदेरी तुकडा दाखवत गॅरेजं धुंडाळली. तिसऱ्या ठिकाणी मिस्त्री म्हणाला, "व्हय, बदललाय की आरसा. मास्तरांची गाडी. फाटकाला घासली म्हणालं. जुना भंगारात असंल बघा." जुना आरसा सापडला. पाकिटातला तुकडा त्याला तंतोतंत बसला. हवालदार माझ्याकडे बघत राहिला.

ठाण्यात येऊन स्टेशन डायरी लिहायला घेतली. अंमलदाराने विचारलं, "सायेब, माहिती कुणाकडून मिळाली लिहू?"

"गोपनीय बातमीदाराकडून," मी म्हणालो. हे वाक्य तोवर शेकडो वेळा लिहिलं होतं. त्या दिवशी ते लिहून घेताना मी खिडकीबाहेर बघत होतो. व्हरांड्यात ती बाई बसली होती.

मास्तरांकडे गणवेशातच गेलो. जाताना ठरवलं होतं की पाया पडायचं नाही, चहा घ्यायचा नाही. दार त्यांनीच उघडलं. गाडी अंगणात ताडपत्रीखाली होती.

"फार उशीर लावलास," ते म्हणाले.

मी पाकीट टेबलावर ठेवलं. प्रश्न ठाण्यात विचारतो तसेच विचारले, किती वाजता निघालात, वेग काय होता, माणूस दिसला होता का. त्यांनी एकाही प्रश्नाला बगल दिली नाही.

"दिसला होता. कुत्रं वाटलं, पोतं वाटलं, असलं काही मी सांगणार नाही. माणूस आहे हे मला आरशात दिसलं. उजव्या आरशात, डावा तुटला होता."

"मग थांबला का नाहीत?"

"मागच्या सीटवर भाकर आणि पेले होते. मंडळी अंधारात उभी होती. मनात म्हटलं, उपासना उरकून लगेच येतो. उरकून आलो तेव्हा तिथे फक्त दूध होतं, आणि तुझे शिपाई फीत लावून मापं घेत होते. मी तुझ्या समोरून गेलो. तू वहीत लिहीत होतास."

ती गाडी मला आठवेना. अजूनही आठवत नाही.

"आणि टेम्पोवाल्याचं पेपरात वाचलंत ते?"

"वाचलं. प्यायलेला होता म्हणून छापलं होतं. वाटलं, देवाने निकाल लावला. नंतर नंतर तसं वाटेना. पण पेला तेवढा घ्यायचं मी सोडलं. खोटेपणाने पेला घेत नाही, म्हणजे देवाशी माझा व्यवहार सरळ आहे, असं स्वतःला समजावत होतो." मग थोडं थांबून म्हणाले, "जखमी माणसाला रस्त्यात टाळून पुढे गेलेल्या याजकाची, त्या धर्मगुरूची, बायबलातली गोष्ट मी तुम्हाला कितीदा शिकवली रे?"

मी मोजलं नव्हतं. त्या माणसाला गदागदा हलवावंसं वाटत होतं. दोन महिने एक निरपराध माणूस आत होता, आणि हे दर महिन्याला ट्रे पुढे देऊन मोकळे होत होते!

"एक मागतो," मास्तर म्हणाले. "रविवारी मंडळीपुढे उभा राहून सगळं कबूल करतो. आपली रीत आहे. ते झालं की मला घेऊन जा."

रीत खरी होती. लहानपणी मी माणसं अशी उभी राहिलेली बघितली होती. त्यांच्या दाखल्यावर नोकरी मिळवलेला माझ्यातला तो पोरगा क्षणभर 'हो' म्हणणार होता.

"रविवारला सहा दिवस आहेत, मास्तर," मी म्हणालो. "आत बसलेल्या माणसाला आणखी सहा दिवस कोण देणार? आधी ठाणं. मंडळी नंतर."

ते उठले, कोट घातला, शेजाऱ्याकडे किल्ली दिली. जीपमध्ये पुढे बसायला सांगितलं तर मागे बसले. पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून दोन दिवसांनी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर त्यांचा जबाब झाला. तिथेही त्यांनी काही लपवलं नाही. टेम्पोवाल्याविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल मी स्वतः कोर्टात घेऊन गेलो आणि त्याच आठवड्यात तो सुटला.

मंडळीतले चौघेजण घरी आले. त्यातले एक म्हणाले, "अहो साहेब, आपण मूठभर माणसं. गावात नाव निघालं तर? आधी आपसात बोलायचं होतं."

"आपसात काय बोललो असतो?" मी विचारलं. "त्या ड्रायव्हरला आणखी किती दिवस ठेवायचं, हे?" ते चहा न घेताच गेले. त्यानंतर बऱ्याच दिवसांत आमच्या बाकावर आम्ही दोघंच बसायचो. मास्तरांनी शिक्षा भोगली, आणि बाहेर आल्यावर मयताच्या घरी जाऊन आले. तिथे काय झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मंडळीपुढे मात्र ते उभे राहिले, आणि त्या दिवसापासून शेवटच्या बाकावर बसू लागले.

हे नंतरचं. माझ्या मनात घर करून आहे तो जुलैचा पहिला रविवार.

पेल्यांचा ट्रे आमच्या बाकाशी आला. मी हात पुढे केला आणि तो तसाच थांबला. फलकाखाली बसवलेला माणूस आठवला. 'मी ठोकलं न्हाय, उचललंय' म्हणाला तेव्हाचं माझं हसू आठवलं. एका संध्याकाळची वेळ पाळण्यासाठी मी माणूस आत घातला होता, आणि खरा तुकडा स्वतःच्याच हाताने मोहोरबंद करून ठेवला होता. मी ट्रे पुढे दिला. बायकोने बघितलं. तिने स्वतःचा पेला घेतला.

आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. आपण किती प्रामाणिक आहोत असं वाटलं. अगदी मास्तरांना वाटलं असेल तसंच. ते ध्यानात आल्यावर मला बाकावर बसवेना. शेवटचं गाणं चालू असतानाच उठलो, बाहेर येऊन गाडी काढली आणि थेट टेम्पोवाल्याच्या गावी गेलो.

तो दारात बसून साखळीला वंगण देत होता. टेम्पोची नोकरी गेली होती, जुन्या सायकली दुरुस्त करत होता. मला बघून त्याची बायको आत पळाली. तिला वाटलं, पुन्हा न्यायला आलेत.

"पावणं, बसा," तो म्हणाला. साहेब नाही म्हणाला.

मी बसलो नाही. उभ्यानेच म्हणालो, "माझी चूक झाली. तू खरं बोलत होतास. मी तपास नीट केला नाही. माफी मागायला आलोय." आयुष्यात आरोपीपुढे हे शब्द मी पहिल्यांदा बोललो, आणि ते वाटले होते त्याहून जड गेले.

त्याने चाक एकदा फिरवून बघितलं. मग वर बघून म्हणाला, "झालं त्ये झालं. एकच इचारतो. परत कोण रस्त्यात पडल्यालं दिसलं, तर उचलू का नगो?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला इतका साधा आणि इतका अवघड प्रश्न कुणी विचारला नव्हता. 'उचल' म्हणायला तोंड उघडलं, पण मग त्याच्यावर आलेली वेळ आठवली. 'नको' म्हणणं तर माझ्या विश्वासातही बसत नव्हतं आणि वर्दीतही.

"उचल," मी शेवटी म्हणालो.

"मग ठाण्यात जो कोण असंल त्येला सांगून ठिवा की," तो म्हणाला आणि पुन्हा चाकाला लागला. त्याच्या बायकोने आतून चहा आणला. मी तो उभ्यानेच घेतला.

त्या दिवसापासून सांगतोय. उरलेल्या नोकरीत ठाण्यातल्या प्रत्येक नव्या शिपायाला मी त्या फलकाखालच्या बाकावर बसवून ही हकिकत सांगितली. गोपनीय बातमीदार मीच होतो, हेही सांगितलं. नवीन पोरं ऐकून घ्यायची, काही जांभया द्यायची. माझ्यानंतर आलेले अधिकारी सांगतात की नाही, ठाऊक नाही. म्हणून आता लिहून ठेवतो आहे. ते वळण ओलांडताना अजूनही माझी नजर रस्त्याच्या कडेला जाते, आणि कुणी पडलेलं नाही ना, हे बघूनच मी पुढे जातो.